परत न केलेला कोंडा

मंजुळामावशी, परवा तुझा दहावा, आणि मी तिथं कोण म्हणून यायचं हे मला अजून कळलेलं नाही.

ओळखीची म्हणून यायचं? तुझ्या मंडळाची चिटणीस म्हणून? की जिला तू विकत घेतलंस त्या पोरीची आई म्हणून? तसं यायचं तर मग माझ्या शेजारी सुमन कोण म्हणून उभी राहणार? गेले आठ दिवस ती केसांना तेल लावू देत नाही. जमिनीवर घोंगडी टाकून झोपते. गूळ पुढे केला तर तोंड फिरवते. काल सकाळी वेणी घालायला बसवली तर म्हणाली, "आई, माय मेली तर दहा दिवस सुतक पायतात ना? का मले तीनच हायेत? तू सांग." अकरा वर्षांची पोर. तिच्या त्या एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली. वर्गभर मुलींना एका शब्दात गप्प करणारी मी, पण तिची वेणी मी अर्धीच सोडली. मी सांगितलं, "उद्या सांगते." तो उद्या म्हणजे आज.

जोशीबुवांना विचारून आले. ते म्हणाले, "रक्ताचं नातं नाही, गोत्र नाही, सूतक कशाचं? आंघोळ करा, मोकळ्या व्हा." मी म्हटलं, कोंडा घेऊन विकलेली आहे. तर म्हणाले, शास्त्रात कोंड्याची खरेदी कुठं लिहिलेली नाही. गंमत बघ मावशी, हेच वाक्य मी तुला सात वर्षं ऐकवत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला राग आला. तो त्यांचा आला की माझा, ते कळेना.

ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती आपलं मूल सूपभर कोंड्याला दुसरीला विकते. मृत्यू शोधत आला तर त्याला त्या घरात तिचं मूल सापडू नये म्हणून. धोका टळला की कोंडा परत देऊन मूल घरी आणायचं. आपल्याकडे गावोगाव कोंडाबाई आणि कोंडिबा आहेत ते यातूनच. मी हे सगळं लहानपणापासून ऐकत आले होते आणि हसत आले होते. माझ्या स्वतःच्या लेकीपर्यंत ते येईल असं वाटलं नव्हतं.

तू आमच्या मुलींच्या शाळेत पहिल्यांदा आलीस ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मुलींना बांगड्या भरायला. तेव्हा तू मुंबईहून छाती कापून घेऊन आलेली होतीस, हे अख्ख्या चिखलीला ठाऊक होतं. तूच सांगत सुटायचीस. कासार लोक बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. "डॉक्टरनं एक वाढवली, एक शाबूत हाय," असं तू बायकांना सांगायचीस आणि त्या पदर तोंडाला लावायच्या. मला तुझा तो मोकळेपणा निर्लज्जपणा वाटायचा. मी नुकती विधवा झालेली, पदरात चार वर्षांची सुमन, आणि नोकरी टिकवायची म्हणून जरा जास्तच ताठ चालणारी.

सुमनचा हात तू हातात घेतलास. बोटं एकत्र दाबून बांगडी चढवताना तू तिला म्हणालीस, "तिकडं चिमणी पाह्य." ती उजेडाकडे वळली. तुझा हात थांबला.

"मास्तरीणबाई, पोरीच्या डोयात हे मांजरावानी काय चमकून राह्यलं?"

मी सांगितलं, ती घारी होणार आहे, तिच्या आजोबांसारखी. मावशी, मला तो डोळा सुंदर वाटत होता. कित्येक दिवस मी तो कौतुकानं पाहत होते. तिरप्या उन्हात त्यात पांढरी चकाकी दिसायची आणि मी तिला मुद्दाम दारात उभी करायची.

तू त्या दिवशी बाकीच्या मुलींच्या बांगड्या तशाच टाकून माझ्यापाशी बसलीस. मुंबईच्या दवाखान्यात तुझ्या बाजूच्या वार्डात असल्या डोळ्याची दोन पोरं होती, ते सांगितलंस. एकाचा डोळा काढला, ते खेळत घरी गेलं. दुसऱ्याचे आईबाप आपल्याच वऱ्हाडातले. डोळा काढा म्हणून अंगठा कोणी लावायचा यावरून दोघं दिवसभर रडले आणि संध्याकाळी पोराला उचलून पळून गेले. "ते पोरगं जगलं नसन," तू म्हणालीस. "मायबाप वाईट नव्हते हो. त्यायच्या हातानं होत नव्हतं. मी खाटेवर पडल्या पडल्या इचार केला, म्या वाचले तं काऊन वाचले? अशा लेकरायसाठी काही करता येईन का?"

तुझं मंडळ तिथं सुरू झालं असं मी सरकारकडच्या अर्जात लिहिलं आहे. खरं तर तेव्हा ते मंडळ नव्हतंच. कासारणीला कुणी घरात येण्यापासून अडवत नाही, ती माजघरात बसते, पोरं तिच्याभोवती जमतात. तू चिखलीच्या, साखरखेर्ड्याच्या, पार पिंपळगाव राजापर्यंतच्या बाजारात बसणाऱ्या कासारणींना सांगून ठेवलंस, की बांगड्या भरताना पोरांकडे नीट बघा. डोळ्यात चमक, पोटात टणक गोळा, मानेला न दुखणारी गाठ, जे दिसेल ते मला कळवा. आणि बांगड्या भरून झाल्या की घरच्या बाईकडून एक मूठ ज्वारी मागायची, तिला नाव पडलं 'पोराची मूठ'. त्या मुठींवर पोरं मलकापूरहून गाडीत बसून मुंबईला गेली. परळच्या बाजूला तुझ्या मावसबहिणीची एक खोली होती. तीत ती पोरं राहिली.

पण माझी सुमन त्या सगळ्यांच्या आधी मुंबईला गेली. जायच्या दिवशी तू माझ्या दारात सूप घेऊन आलीस. "ह्यात कोंडा हाय. पोरगी मले विकून टाका. मंग तिथं काय करा लागन ते माह्या डोक्यावर." मी तुला अंगणातच उभं ठेवून बरंच काही ऐकवलं. अडाणीपणा, अंधश्रद्धा, मी शाळेत काय शिकवते आणि घरी काय करू. तू ऐकून घेतलंस. सूप ओसरीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "बरं. मोटारचा टाइम झाला."

महायुद्ध चालू होतं, पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. बुलढाण्याच्या घाटाआधी ती दोनदा बंद पडली. सुमन तुझ्या मांडीवर बसून तुझ्या पेटीतल्या बांगड्या मोजत होती. दोन्ही वेळा मला वाटलं, ही खूण आहे, परत फिरावं. खुणा मानत नाही म्हणणारी मी. तुला ते कळलं असणार, कारण तू माझा रिकाम्या मनगटाचा हात हातात घेतलास आणि बोटं चाचपत म्हणालीस, "हात मऊ हायेत तुमचे. काच लागला नसता." विधवेच्या हाताबद्दल असं कुणी बोलत नाही. मी हात काढून घेतला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद पुढे केला. डोळा काढला तर मूल वाचेल, थांबलं तर दुखणं आत मेंदूकडे जाईल, इतकं सरळ सांगितलं. टाक माझ्या हातात होता. मला लिहिता येतं, वाचता येतं, दवाखान्यात आलेल्या त्या सगळ्या आयांमध्ये सही करता येणारी मी एकटी असेन. आणि मला ती करता येईना. माझ्या लेकीचा डोळा काढा, आणि खाली माझं नाव. हात कागदाला टेकेचना. डॉक्टर म्हणाले, "बाहेर बसा, ठरवा, मग या."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तू कुठंतरी निघून गेलीस. मला वाटलं, ही पण कंटाळली. थोड्या वेळानं आलीस ती पदराचा ओचा धरून. जवळच्या म्हशींच्या तबेल्यातून कोंडा मागून आणला होतास.

"पदर पसरा," तू म्हणालीस.

मावशी, मी पदर पसरला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला तर ठाऊकच होतं.

तू त्यात कोंडा ओतलास. "आता पोरगी कोनाची?" मी पदरातल्या कोंड्याकडे बघत बसले. "बोला बाई. बोलल्याबिगर होत नसते."

"तुझी," मी म्हणाले.

तू सुमनला कडेवर घेतलंस आणि आत गेलीस. डॉक्टरांनी कागदावर आई कोण लिहायचं असं विचारलं, आणि "म्या," असं तुझं उत्तर दाराबाहेर ऐकू आलं. मग अंगठा. मी पदरात कोंडा धरून पायरीवर बसून राहिले. त्या घटकेला मला इतकं हलकं वाटलं होतं मावशी, की त्याची आजही लाज वाटते. ती माझी नव्हती, म्हणून तिचा डोळा मी काढत नव्हते. पुढं तो कोंडा मी झटकला, पण लुगड्याच्या विणीत अडकलेला घरी येईपर्यंत निघत राहिला.

सुमन वाचली. त्या पापणीखाली पोकळी आहे, बाकी सगळी पोर जागच्या जागी आहे. "एका डोयानं सुई ओवते माही पोरगी, तुमाले दोन असून जमत नाही," असं तू माझ्याच घरात बसून मला चिडवायचीस. ती तुला माय म्हणायची, मला आई. कुणी विचारलं तर मी सांगायची, कौतुकानं म्हणते हो.

वर्षभरानं तू रिकामं सूप घेऊन आलीस. "कोंडा टाका ह्याच्यात अन् आपली पोरगी घ्या." तीच रीत. बरी झालेली प्रत्येक पोर आईबापांनी अशीच परत नेली. नारळ, खण, सूपभर कोंडा, आणि दारातून पोराला हाक मारून घरी न्यायचं. तुझ्या दारात मी ते कितीदा तरी पाहिलं. पण तुला मी काय म्हटलं? "मी विकलीच नव्हती, मावशी. मग परत काय घेऊ?"

खोटं बोलले. पायऱ्यांवरचं एक अक्षर तू काढलं नाहीस, ना तेव्हा, ना नंतर. "बरं. मंग राहू द्या माह्याजवळच," म्हणालीस आणि हसलीस. ते हसणं कशाचं होतं? मला वाचवल्याचं, की पोर मिळाल्याचं? तुला परत द्यायचीच होती, की मी नाही म्हणेन अशी आशा धरून आली होतीस? मी आठ दिवस तुझा तो चेहरा आठवते आहे आणि तो मला रोज वेगळा आठवतो.

मग मी तुझी चिटणीस झाले. पत्रं मी लिहायची, अंगठा तुझा. आपण किती भांडलो. साखरखेर्ड्याची पोटात गोळा असलेली पोर मुंबईहून परत आली आणि गेली, तेव्हा तर तू हद्द केलीस. ती तुझी विकत घेतलेली, म्हणून तू ऐन दिवाळीत दहा दिवस घरात बसलीस. बांगड्यांचा सगळा हंगाम. तुझे यजमान, आमचे काका, चिडले. मी येऊन म्हटलं, हे सोंग आता पुरे कर, लोक हसतात. तू जमिनीवर बसलेली, केस मोकळे. म्हणालीस, "सोंग नाही बाई. तिची माय दहा दिवस बसली असती तं तिच्या मांगच्या दोघायले कोन पायलं असतं? मेलं ते माहं मेलं. तिचं मेलं नाही." मला पटलं, पण पटलं असं मी म्हणाले नाही. ते अजून सांगायचं राहिलं आहे.

अशी किती पोरं तुझी म्हणून मेली, आणि प्रत्येकासाठी तू दहा दिवस बसलीस. मी अर्जात हे कुठल्या रकान्यात घालणार होते?

मागच्या वर्षी तू पुन्हा सूप घेऊन आलीस. मी नागपूरच्या सरकारकडे पाठवायचा अर्ज लिहीत होते. उजवा हात तू पदराखाली घेतला होतास. सुजला होता, बांगड्या तू डाव्या हातानं भरायला लागली होतीस, आणि मी ते संधिवाताचं समजले. गावोगावच्या कासारणी पोरांच्या गाठी शोधत होत्या आणि मला समोरचा हात दिसला नाही. तू म्हणालीस, "आतातरी घ्या, मास्तरीणबाई. मांगून घोटाया होईन." मी मान वर न करता म्हटलं, "मंडळ सरकारदरबारी जायचं आहे. हा कोंडा आता बंद कर मावशी. मी काय लिहू त्यात?"

"लिहू नका. कोंडा लिहाचा नसते, द्याचा असते."

आणि सूप काखेत मारून गेलीस. तेव्हा तुला ठाऊक होतं ना? आपलं दुखणं परत आलं आहे हे ठाऊक होतं म्हणूनच पोर परत द्यायला आली होतीस ना? मला नंतर कळलं तेव्हा मी मुंबईला पत्र लिहायला बसले, तर तू माझा हात धरलास. परळच्या खोलीत एकच जागा होती आणि देऊळगावचा एक मुलगा वाट बघत होता. "म्या जाऊन आले एकडाव. त्याले जाऊ द्या." मी ओरडले, रडले, दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. मुलगा गेला आणि बरा होऊन आला. त्याच्याकडे बघून आनंद व्हावा की राग यावा, हे मला कळत नाही. परवा तो आईचं बोट धरून तुझ्या दारात उभा होता, काही न कळून लाह्या खात होता, आणि मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

आता खरं सांगते. मला भीती वाटते आहे. मुलींना भूतखेत खोटं असतं असं सांगणारी मी, आणि आठ दिवस मला एकच वाटतं आहे, की मालकीण गेली की तिचं जे असतं ते तिच्यामागं जातं. सुमनला जरा कणकण आली तरी मी तिचा उरलेला डोळा उजेडात धरून बघते. म्हणून आज पहाटे उठून मी पीठ चाळलं, नवं सूप काढलं, त्यात कोंडा भरला, वर नारळ आणि खण ठेवला, आणि ऊन वर यायच्या आत तुझ्या घरी गेले. तुझ्या नवऱ्याकडून पोर परत घ्यायला. सात वर्षं उशिरा.

काका दुकानाच्या फळीवर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांनी सूप पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. मी पायरीवरची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. ते म्हणाले, "मले ठाव हाय. तिनं त्याच दिवशी सांगतलं होतं." मग बराच वेळ तुझी बांगड्यांची पेटी कपड्यानं पुसत राहिले.

"हक्क तुमचाच हाय," ते म्हणाले. "नेता तं न्या, म्या नाही म्हननार नाही. पन एक सांगतो. जे जगले ते सारे परत गेले. जे परत गेले नाही ते मेले. तिच्या नावाचं जितं लेकरू म्हनून हे एकच राह्यलं."

एवढंच बोलले. माझ्या खोटेपणानं, माझ्या ताठ्यानं तुला एक जिवंत लेक राहिली होती, आणि ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरीही तू दोनदा ती मला परत द्यायला आलीस. मावशी, मी तुझे उपकार मानू की माफी मागू? दोन्ही एकाच तोंडानं कसं करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

मी नारळ आणि खण तुझ्या खाटेच्या जागेवर ठेवला. सूप घेऊन घरी आले. सुमन दारात उभी होती, केस मोकळे, आणि तिनं सुपाकडे पाहिलं. ती मोठी होते आहे, तिलाही कळलं असणार.

"दहा," मी तिला म्हटलं. "तुझे दहा दिवस."

तिनं मान डोलावली आणि आत गेली. मी गोठ्यात गेले आणि सुपातला कोंडा गाईपुढे ओतला. ती खात होती तोवर तिथंच उभी राहिले, संपेपर्यंत. परवा सुमन नाल्याच्या काठी तुझी लेक म्हणून पाणी देईल. मी तिच्या मागं उभी राहीन. कोण म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही, पण येईन.